रीपरमध्ये दरवेळी शून्यातून सुरू करू नका राव

जानेवारी जवळ आला की सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेची गाणी करून घ्यायला लाईन लागते आणि प्रत्येकाला परवाच पाहिजे असतं. मी आधी रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये दर गाण्याला नवीन ट्रॅक, नावं, रंग, रिव्हर्ब (आवाजाचा घुमारा) सगळं परत लावत बसायचो, अर्धा तास त्यातच जायचा अन् डोक्यातली चाल पार उडून जायची.

आता एकदाच बसून रिकामा प्रोजेक्ट बनवलाय, हलगी, संबळ, ढोलकी, कीबोर्ड, मेन आवाज आणि दोन कोरस असे ट्रॅक, रिव्हर्ब मात्र प्रत्येकावर वेगळा नाही, त्याचा एकच वेगळा ट्रॅक करून बाकीच्यांचे सेंड (म्हणजे आवाजाची एक वाट) तिकडे, सीपीयूवर लोड कमी येतो आणि सगळे एकाच खोलीत गायल्यासारखे वाटतात. मग फाईल मेनूत प्रोजेक्ट टेम्प्लेट्समध्ये जाऊन सेव्ह करायचं, झालं.

बफरचं पण बघा, म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी आवाजाचे किती सॅम्पल (बारीक तुकडे) हाताळतो ते; बफर लहान तर उशीर कमी, पण लोड जास्त. आवाज रेकॉर्ड करताना १२८ सॅम्पल ठेवा, ४४.१ किलोहर्ट्झला ते साधारण ३ मिलिसेकंद होतात, गायकाला कळतसुद्धा नाही. मिक्सिंगला १०२४ करा, तिथे २३ मिलिसेकंद उशीर झाला तरी कोणाचं काय बिघडतंय, आणि आवाज तुटत नाही.

तरीपण मे महिन्यात आपल्या उन्हात लॅपटॉप तापून बोंबलायला लागला तर जड प्लगइनवाले (इफेक्ट, वाद्यांची जोड-सॉफ्टवेअर) ट्रॅक फ्रीज करा, म्हणजे ट्रॅक इफेक्टसकट तयार ऑडिओ होतो अन् प्लगइनचा लोड जातो, नंतर बदल करायचा असेल तर अनफ्रीज होतं. फ्रिजमध्ये लॅपटॉप ठेवायचा नाही, एका मित्राने खरंच विचारलं होतं.