यकृताचा क्लॅम्प काढताय? एम. फार्म.वाल्यांनो, या चुका टाळा

संभाजीनगर, नांदेड, लातूरकडचे प्रबंध वाचायला येतात. विषय बहुतेकदा तोच: उंदराच्या यकृताचा रक्तपुरवठा क्लॅम्पनं, म्हणजे चिमट्यानं, तासभर अडवायचा, मग सोडायचा आणि अमुक अर्कानं इजा कमी झाली म्हणायचं. रक्त परतलं की ऑक्सिजनपासून मुक्त मूलकं (पेशींना इजा करणारे अतिक्रियाशील कण) तयार होतात, यकृतातल्या कुप्फर नावाच्या भक्षक पेशी चवताळतात, काही तासांनी न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी येऊन भर घालतात. हे सगळ्यांना पाठ असतं. माती होते ती टेबलावर.

सगळ्यात महाग चूक तापमानाची. यकृत थंड झालं की त्याची ऑक्सिजनची गरज घटते आणि इजा आपोआप कमी होते. प्रत्यारोपणाचं यकृत बर्फात नेतात ते याचसाठी. भूल दिलेला, पोट उघडलेला उंदीर भराभर गार होतो. एका पोरानं जानेवारीत भुईआवळ्याचा गट सकाळी उरकला, कंट्रोल, म्हणजे अर्क न दिलेला गट, दुपारी. सकाळी लाइट गेलेली, हीटिंग पॅड बंद. एएलटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) निम्म्याहून खाली! "सर, भुईआवळ्यानं कमाल केली बगा." मी विचारलं, गुदद्वारातलं तापमान कुठंय? वहीत रकानाच नव्हता. पुन्हा करायला लावलं: पॅड इन्व्हर्टरवर, प्रत्येक उंदीर ३७ अंशांवर, क्रम चिठ्ठ्या टाकून. फरक गेला. त्याला पेपर हुकल्याचं वाईट वाटलं, मला पहिल्या खेपेच्या उंदरांचं. आणि मे महिन्यात आपल्याकडे खोलीच तापते, तेव्हा उलटा घोळ होतो.

दुसरी चूक डीएमएसओ या द्रावकाची. अर्क विरघळत नाही, की ओता डीएमएसओ! ते स्वतःच मुक्त मूलकं टिपतं. कंट्रोलला मात्र सलाइन. मग यकृत वाचवलं कुणी? नुसतं द्रावक दिलेला गट नसेल तर अर्काचं नाव काढू नका. मी स्वतः सीएमसी या पाणी दाट करणाऱ्या पावडरीच्या पाण्यात अर्क खलून तोंडावाटेच देतो. वेळ लागतो, लागू द्या.

बाकीचं थोडक्यात. सगळ्या यकृताचं रक्त अडवलं तर आतड्यांत रक्त तुंबून उंदीर दगावतो. डावा आणि मधला खंड, म्हणजे सुमारे ७० टक्के, एवढंच अडवा. नर-मादी मिसळू नका. रक्त ओढताना पेशी फुटल्या तर एएसटी, एलडीएच या एन्झाइमांचे आकडे उगाच फुगतात. पोट उघडून नुसतंच शिवलेला शॅम गट हवाच. औषध आठवडाभर आधी दिलं असेल तर त्याला उपचार म्हणू नका. ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेत ते जमेल, अपघातात पोट फाटलेल्या माणसाला आठवडा कुठून आणणार?

क्लॅम्प लावल्यावर खंड फिका पडला का आणि काढल्यावर रंग परतला का, हे न बघताच टाके घालणारे फार झालेत. रंग न परतलेला उंदीर धरायचा की वगळायचा, हे प्रयोगाआधी लिहून ठेवा. एएलटीचे आकडे हातात आल्यावर ठरवलेलं मी प्रबंधात चालवून घेत नाही.