मोटारसायकलसाठी बाजारातला एअर फिल्टर निवडताना

३५० सीसीचे फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला ५,००० फेऱ्यांनी फिरत असेल, तर सिलिंडर दर दोन फेऱ्यांमागे एकदा पूर्ण भरतो असे धरून ते मिनिटाला सुमारे ८७५ लिटर हवा आत ओढते. तासाभराचा हिशेब बावन्न घनमीटरांच्या पुढे जातो. या हवेबरोबर येणाऱ्या धुळीतील सिलिकाचे कण पिस्टन रिंग आणि सिलिंडरची भिंत घासत राहतात, कालांतराने इंजिन ऑइल खाऊ लागते आणि सायलेन्सरमधून निळसर धूर दिसतो. म्हणून ताकद किती वाढेल हे विचारण्याआधी फिल्टर धूळ किती अडवतो हे विचारावे, असे माझे ठाम मत आहे.

त्यासाठी आयएसओ ५०११ या एअर फिल्टरच्या चाचणीसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार चाचणी झाली आहे का आणि तिचे आकडे उत्पादक देतो का, ते पाहावे. एक फिल्टर ९९ टक्के धूळ अडवतो आणि दुसरा ९७ टक्के, हा फरक वरवर किरकोळ वाटतो. परंतु इंजिनात शिरणाऱ्या धुळीचा विचार केला तर दुसरा फिल्टर पहिल्याच्या तिप्पट धूळ आत सोडतो.

कागदी फिल्टर बारीक धूळ उत्तम अडवतो, मात्र तो धुता येत नाही. तेल लावलेला सुती जाळीचा फिल्टर धुऊन पुन्हा वापरता येतो आणि हवेला अडथळा कमी करतो, पण त्यावरील तेलाचा थर नीट राखला नाही तर त्याची धूळ धरण्याची क्षमता घटते. फोमचा फिल्टर कच्च्या, मातीच्या रस्त्यांवर चांगला टिकतो. ज्यांचे रोजचे येणे-जाणे शेतरस्त्याने किंवा खडी-मुरमाच्या वाटेने आहे, त्यांनी सुती फिल्टर वारंवार धुण्याची तयारी असेल तरच घ्यावा. नाहीतर कंपनीचा कागदी फिल्टर वेळेवर बदलणेच हिताचे.

एअरबॉक्स, म्हणजे फिल्टर ज्यात बसतो ती बंद पेटी, काढून थेट कार्ब्युरेटरवर (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) किंवा थ्रॉटल बॉडीवर (फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत हवेचा मार्ग कमी-जास्त उघडणारा भाग) शंकूच्या आकाराचा फिल्टर बसवण्याचा मोह अनेकांना होतो. एअरबॉक्सची पोकळी इंजिनाच्या श्वासाच्या लयीशी जुळवून ठरवलेली असते आणि ती बाहेरची थंड हवा पुरवते. ती काढल्यावर फिल्टर इंजिनाजवळची तापलेली हवा ओढतो, आवाज वाढतो आणि कमी फेऱ्यांवरची ओढ बहुधा कमी होते, जी घाट चढताना सर्वाधिक लागते. कोकणातील पावसात उघड्या फिल्टरवर थेट पाणी उडते, हा वेगळाच धोका. मूळ एअरबॉक्समध्ये बसणारा फिल्टर घेणे मला सर्वांत शहाणपणाचे वाटते.

हवा वाढली की पेट्रोलही त्या प्रमाणात वाढावे लागते. कार्ब्युरेटरच्या गाडीत त्यासाठी मोठा मेन जेट (पेट्रोल सोडणारी छिद्राची तोटी) बसवावा लागू शकतो. प्लगचे टोक पांढरे फटक दिसू लागले, तर मिश्रणात पेट्रोल कमी पडत आहे असे समजावे. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर संथ, स्थिर वेगात मिश्रण सावरून घेतो, परंतु थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर ईसीयू, म्हणजे इंजिनाचा नियंत्रक संगणक, सहसा त्यात आधीच भरलेल्या पेट्रोलच्या प्रमाणाच्या तक्त्यावरच चालतो, त्यामुळे मोठ्या बदलानंतर ट्यूनिंग आवश्यक ठरते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ मध्ये वाहनातील बदलांवर निर्बंध आहेत, आणि वॉरंटीतील गाडी असेल तर तिच्या अटी आधी वाचाव्यात.

फिल्टर बसवताना त्याची रबरी कडा सगळीकडे घट्ट टेकली आहे ना, हे बोट फिरवून तपासावे, कारण कडेला राहिलेली फट महागड्या फिल्टरलाही निरुपयोगी करते. सुमारे ५०० किलोमीटरनंतर इंजिन बंद ठेवून फिल्टर उघडावा आणि त्याच्या पलीकडील, म्हणजे इंजिनाकडे जाणाऱ्या नळीच्या आतून स्वच्छ पांढरे कापड फिरवावे. कापडावर धूळ आली, तर जुना फिल्टर त्याच दिवशी परत बसवावा.