गोबरगॅस परवडेल का? बांधण्याआधी हिशेब असा मांडा

गोबरगॅस बांधायचा की नाही, हे बहुतेक घरांत अनुदान किती मिळतं यावर ठरतं. संयंत्र मात्र चालतं शेणावर. म्हणून आधी शेण मोजा.

सलग आठ दिवस गोठ्यातलं शेण तोलून वहीत लिहा. गाय दिवसाला साधारण १० किलो शेण देते, म्हैस १५ किलो. जनावरं दिवसभर चरायला जात असतील तर त्यातलं बरंचसं रानातच पडतं. किलोभर शेणापासून जवळपास ४० लिटर गॅस मिळतो. म्हणजे दिवसाला २ घनमीटर (२,००० लिटर) गॅस देणाऱ्या संयंत्राला रोज ५० किलो शेण आणि तेवढंच पाणी हवं. शेण ३० किलोच निघत असेल तर १ घनमीटरचंच बांधा. मोठा घुमट बांधून तो अर्धपोटी ठेवणं ही नेहमीची चूक. २ घनमीटरच्या पहिल्या भरणीलाच दोनेक टन शेण लागतं, ते कुठून आणणार तेही आधी ठरवा.

आता पैसे. १ घनमीटर गोबरगॅस म्हणजे सुमारे ०.४३ किलो एलपीजी. रोज २ घनमीटर मिळाला तर वर्षाला १४.२ किलोचे बावीसेक सिलिंडर होतात. पण घरात आठच लागत असतील तर बचतही आठचीच धरा. समजा, अनुदान वजा जाता खिशातून ३०,००० रुपये गेले आणि सिलिंडर ९०० रुपयांचा आहे. वर्षाला ७,२०० वाचले. त्यातून दुरुस्तीचे १,५०० वजा करा, आणि हेच ३०,००० बँकेत ७ टक्क्यांनी ठेवले असते तर मिळाले असते ते २,१०० व्याजही. उरले ३,६००, भांडवल फिटायला आठ वर्षांहून जास्त. रोज अर्धा तास शेण कालवणं म्हणजे वर्षाला १८० तास, बावीस-तेवीस दिवसांची मजुरी. ती धरली तर हिशेब तोट्यात जातो. हे काम बहुधा घरातल्या बाईच्या माथी येतं, म्हणून वहीत कधी चढत नाही.

स्लरी, म्हणजे गॅस निघाल्यावर संयंत्रातून बाहेर पडणारं पातळ शेण, हे फुकटचं खत असं सांगितलं जातं. पण शेण तसंही उकिरड्यात जाऊन खतच होणार होतं; मोजायचा तो फक्त फरक. स्लरी उन्हात वाळवली की नत्र अमोनिया होऊन उडतो आणि तो फरकही जातो. ती ओलीच पाटाच्या पाण्याबरोबर सोडा, नाहीतर सावलीतल्या खड्ड्यात पालापाचोळ्यावर ओता.

चुलीच्या धुराची किंमत रुपयांत मांडत बसू नका. चूल खरोखर विझणार आहे का, एवढंच विचारा. थंडीत गॅस घटतो आणि नेमकं तेव्हाच अंघोळीच्या पाण्यासाठी चूल पेटते. ते पाणी घराबाहेरच्या बंबावर तापवलं तरच स्वयंपाकघरातला धूर जातो.

संयंत्रात गॅस साठतो तो तरंगत्या लोखंडी ड्रममध्ये किंवा विटांच्या पक्क्या घुमटात. लोखंडी ड्रम दरवर्षी रंगवावा लागतो, नाहीतर गंजतो. विटांच्या घुमटाला ते काम नाही, पण त्याला गेलेली बारीक चीर सापडणं अवघड. पहिल्यांदा जमलेल्या गॅसमध्ये हवा मिसळलेली असते. तो न पेटवता सोडून द्या. पुढे गॅस कमी वाटला तर आधी जोडांवर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का पाहा. ज्योत फडफडत असेल तर पाइपात पाणी साचलंय. सखल जागचा कॉक उघडून ते काढा.