चेक इंजिन लाईट आणि पी०४२० कोड: कॅटालिटिक बदलायच्या आधी एवढं बघा

(हे पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांसाठी आहे, डिझेलचं गणित वेगळं असतं)

सगळ्यात आधी बघा की लाईट नुसती पेटून राहिलीय का ब्लिंक होतेय. नुसती पेटलीय, गाडी नेहमीसारखी पळतेय, टेम्परेचर नॉर्मल आहे तर टेन्शन घेऊ नका, आरामात घरी जा आणि एक-दोन दिवसात चेक करा. पण ब्लिंक होतेय आणि इंजिन थडथडतंय, मिसिंग मारतंय, तर अ‍ॅक्सिलरेटर सोडा, जागा बघून गाडी बाजूला घ्या आणि टो करून न्या. ज्या सिलेंडरमध्ये स्पार्क पडत नाही तिथलं न जळलेलं पेट्रोल सरळ कॅटालिटिकमध्ये (सायलेन्सरच्या लाईनमधला धूर साफ करणारा डबा) जातं आणि तिथे जळतं, मग आतली मधमाशांच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची जाळी वितळायला लागते. काहीशे रुपयांच्या प्लगकडे दुर्लक्ष केलं की असा हजारोंचा पार्ट जातो, म्हणून हे एवढं कळकळीने सांगतोय.

आता कोड, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाडाचा नंबर. ईएलएम३२७ वालं ब्लूटूथ स्कॅनर हजाराच्या आत मिळतं, स्टिअरिंगच्या खाली १६ पिनांचा पोर्ट असतो त्यात लावा, चावी ऑन करा, मोबाईलवर अ‍ॅप उघडा. कोड आले की पहिले स्क्रीनशॉट काढा, फ्रीझ फ्रेमचा पण काढा, म्हणजे कोड पडला तेव्हा स्पीड किती, इंजिन गरम होतं का गार ते कळतं. बरेच जण "बॅटरीची वायर काढून लावा, जाईल लाईट" म्हणतात, तसं केलं की लाईट जाते पण हा सगळा पुरावाही पुसला जातो.

पी०४२० चा अर्थ एवढाच की कॅटालिटिकचं काम कमी पडतंय असं कॉम्प्युटरला वाटतंय, कॅटालिटिक खराबच आहे असं तो म्हणत नाही. सोबत पी०३०० ते पी०३०४ (मिसिंगचे कोड) किंवा पी०१७१ (हवेच्या मानाने इंधन कमी पडतंय) असेल तर आधी ते सोडवा. समजा पी०३०१ आहे, म्हणजे एक नंबर सिलेंडर मिसिंग. इंजिन बंद करून एक नंबरची कॉइल (प्लगला करंट देणारी) दोनवर आणि दोनची एकवर लावा, कोड पुसा, थोडी चालवा. कोड आता पी०३०२ झाला तर कॉइल गेली, एकवरच राहिला तर असंच प्लगचं करून बघा, आणि तरीही हलला नाही तर इंजेक्टर, वायरिंग, कॉम्प्रेशन. पावसाळ्यात उंदीर वायरी कुरतडतात तेही टॉर्च मारून बघा. सीएनजीवरच मिसिंग आहे आणि पेट्रोलवर मक्खन चालते तर पहिला संशय प्लग-कॉइलवर घ्या, कारण सीएनजी पेटवायला जास्त व्होल्टेज लागतं आणि झिजलेला प्लग तिथेच उघडा पडतो, त्यानंतर किटचं ट्युनिंग.

एकटाच पी०४२० असेल तर गाडी पंधरा-वीस मिनिटं चालवून चांगली गरम करा आणि २५०० आरपीएमला धरून लाईव्ह डेटा बघा. पुढचा (कॅटालिटिकच्या आधीचा) ऑक्सिजन सेन्सर साधारण ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सारखा वर-खाली होतो, मागचा (कॅटालिटिकनंतरचा) ०.६-०.७ च्या आसपास शांत राहायला पाहिजे. मागचाही पुढच्यासारखा नाचत असेल तर कॅटालिटिक थकलंय. काही गाड्यांत पुढे एअर-फ्युएल सेन्सर असतो, त्याचे आकडे वेगळे दिसतात, तिथे फक्त मागच्याकडे लक्ष द्या. पण निकाल देण्याआधी एक्झॉस्टचं लीकेज बघाच. सकाळी गार इंजिन सुरू करून मॅनिफोल्ड (इंजिनला लागून असलेला धुराचा पाईप) आणि जॉइंटपाशी टिकटिक आवाज येतो का, काळी काजळी दिसते का ते बघा, कारण तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सर फसतो.

जुन्या पीयूसीच्या स्लिपा फेकू नका. बीएस४ पेट्रोल गाडीला आयडलला सीओची (कार्बन मोनॉक्साइड) लिमिट ०.३ टक्के आणि एचसीची (न जळलेलं इंधन) २०० पीपीएम आहे, दरवेळचा आकडा चढत गेलेला दिसला तर संशय पक्का व्हायला मदत होते.

चोक झालेलं कॅटालिटिक वेगळं ओळखू येतं: पिकअप मरतो, चढावर गाडी दम टाकते, आरपीएम वर जातच नाही. मेकॅनिकला पुढचा सेन्सर काढून तिथे प्रेशर गेज लावायला सांगा, २५०० आरपीएमला तीन पीएसआयच्या वर गेलं तर आत अडकलंय. गार असताना रबरी हातोडीने हलकं ठोकल्यावर खुळखुळ वाजलं तर जाळी तुटलीय.

बदलायचंच ठरलं तर जुनं कशाने मेलं ते आधी शोधा. निळा धूर असेल, ऑइल कमी होत असेल किंवा कूलंट गायब होत असेल तर नवीनही तसंच जाणार. आणि जुना पीस परत मागा नाहीतर त्याची किंमत बिलातून वजा करून घ्या, आत प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम असतं, त्यापायीच तर मारुती ईकोचे सायलेन्सर चोरीला जातात. कोणी "आतली जाळी काढून टाकतो, स्वस्तात होईल" म्हटलं तर स्पष्ट नाही म्हणा, धूर तसाच हवेत जाईल आणि मागच्या सेन्सरमुळे लाईट पुन्हा लागेल.

काम झाल्यावर कोड पुसून काही दिवस शहरात आणि हायवेवर चालवा, अ‍ॅपमध्ये कॅटालिस्ट मॉनिटर (गाडीने स्वतः केलेली कॅटालिटिकची तपासणी) कम्प्लिट दिसला आणि पेंडिंगमध्ये (अजून पक्के न झालेले कोड) काही नाही, तरच काम झालं असं धरा.