एमटीए भरताय? मग या चुका टाळा

दातात भरायच्या सिमेंटच्या डबीवर 'बायोअ‍ॅक्टिव्ह' वाचलं की नव्या पोरांना वाटतं, आता पुढचं सिमेंटच बघून घेईल. एमटीए (मिनरल ट्रायऑक्साइड अ‍ॅग्रिगेट) घ्या नाहीतर बायोडेंटिन, ही दोन्ही सिमेंटं मुळात कॅल्शियम सिलिकेट. पाणी मिळालं की त्यातून कॅल्शियम हायड्रॉक्साइड सुटतं, ते ऊतींच्या द्रवातल्या फॉस्फेटला भेटतं आणि सिमेंटवर अ‍ॅपेटाइटचा, म्हणजे दात-हाडांत असतं तसल्या खनिजाचा थर धरतो. पाण्यात कंजुषी केली की हे सगळं बोंबललं.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे वर कोरडा कापूस. ही मी स्वतः केलेली आहे. प्रॅक्टिसचं दुसरं वर्ष, कागलकडचे एक गवंडी पेशंट, खालची दाढ. बर (ड्रिलचं टोक) जरा जास्त खाली गेला आणि फर्केशनला, म्हणजे दाढेची मुळं फुटतात तिथं, भोक पडलं. एमटीए भरलं, तेही घट्टच कालवलेलं, वर कोरडा कापूस आणि टेम्पररी फिलिंग. तीन दिवसांनी उघडून प्रोब (तपासायची टोकदार सळई) टेकवला, तर ओल्या वाळूत रुतावा तसा आत गेला. कापसानं होतं नव्हतं ते पाणी ओढून घेतलेलं. पेशंटला खरं सांगून टाकलं. ते खुर्चीतूनच म्हणाले, "पाणी मारलं न्हवतं व्हय, डॉक्टर?" स्लॅब टाकून गोणपाट भिजवणाऱ्या माणसाला जे कळतं, ते मला पाच वर्षं शिकून कळलं नव्हतं! सगळं धुऊन पुन्हा भरलं, 3 भाग पावडर, 1 भाग पाणी, वर ओला कापूस. ओला म्हणजे पिळलेला, ठिबकणारा नव्हे.

दुसरी खोड घाईची. मूळ एमटीए सेट व्हायला जवळपास पावणेतीन तास लागतात आणि आमची मंडळी अर्ध्या तासात वर एचिंग करून (आम्ल लावून) कंपोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं फिलिंग चढवतात. एक्स-रेत पांढरं दिसलं म्हणजे सेट झालं असं नसतं. तो पांढरेपणा बिस्मथ ऑक्साइडचा, आणि तो पहिल्या मिनिटालाही तितकाच दिसतो. मी पेशंटला सरळ दुसऱ्या दिवशी बोलावतो. घाईच असेल तर बायोडेंटिन घ्या, कंपनी 12 मिनिटं सांगते. पण त्यातही कॅप्सूलमध्ये थेंब पाचच घालायचे. 'जरा सैल बरं पडतं' म्हणून सहावा टाकणाऱ्याच्या हातात मी मिक्सर देत नाही.

पू येत असेल तर भरूच नका, पुवामुळे तिथं आम्ल असतं आणि आम्लात हे सिमेंट नीट धरत नाही. आधी कॅल्शियम हायड्रॉक्साइड ठेवा, आठवड्यानं बघा.

पुढच्या दातात बिस्मथवालं एमटीए आणि त्याला हायपोक्लोराइटचा (रूट कॅनॉल धुवायच्या द्रावणाचा) स्पर्श? दात काळा पडेल, आणि लग्न ठरलेली मुलगी असेल तर तिची आई दवाखान्यात येईल.

रूट कॅनॉल धुताना शेवटी ईडीटीए हे द्रावण वापरलं असेल तर भरपूर धुवा, ते कॅल्शियमच पकडून बसतं.

हार्डवेअरच्या दुकानातलं पांढरं सिमेंट 'तेच असतं की' म्हणणाऱ्यांशी मी बोलत नाही.

आणि फोडलेली पुडी. कोल्हापूरच्या जुलैत भिंतीलासुद्धा घाम फुटतो, तिथं ही पावडर काय टिकणार? महाग आहे, मान्य. माझ्या असिस्टंटनं एकदा अर्धी पुडी रबर लावून जपून ठेवली होती. ऑगस्टात उघडली, तर आत खडीसाखर.