गो-वेंट-गॉन पाठ आहे, तरी 'डिडन्ट वेंट' का होतं? इरेग्युलर व्हर्ब्ज वापरायचे कसे

शेजारची दहावीतली मुलगी संध्याकाळी माझ्याकडे इंग्लिशला बसते. तिला इरेग्युलर व्हर्बचा, म्हणजे ज्यांचा भूतकाळ नुसतं एड लावून होत नाही त्या क्रियापदांचा, तक्ता विचारा, ब्रिंग ब्रॉट ब्रॉट, गो वेंट गॉन, राइट रोट रिटन, एका दमात सगळा म्हणते, कुठे अडत नाही. आणि लगेच विचारलं की काल क्लासला का नाही गेलीस, इंग्लिशमधे सांग, तर म्हणते 'आय डिडन्ट वेंट'. म्हणजे पाठांतर चोख आहे, पण तीन रकान्यांपैकी कुठला कधी उचलायचा हे तिला कोणी नीट सांगितलेलंच नाही. आम्ही मराठी मीडियमवाले पाचवीत एबीसीडी शिकलो, 2000 सालापासून पहिलीपासून इंग्लिश आलं, पण ही चूक तेव्हाही होती आणि आजही तशीच आहे, कारण तिचं मूळ मराठीत आहे.

बघा, मराठीत आपण म्हणतो मी गेले, मी गेले नाही, तू गेलीस का. तिन्हीकडे 'गेले' कायम, भूतकाळ क्रियापदातच भरलेला, 'नाही' आणि 'का' नुसते शेवटी येऊन बसतात. इंग्लिशचं तसं नाही. तिथे नकार किंवा प्रश्न आला की डिड येतो आणि भूतकाळ तो डिड स्वतःकडे घेतो, मग मेन व्हर्ब मोकळा होऊन परत व्ही वनमधे, म्हणजे तक्त्याच्या पहिल्या रकान्यात जातो (दुसरा रकाना व्ही टू, तिसरा व्ही थ्री). आय वेंट, पण आय डिडन्ट गो, डिड यू गो. 'व्हेन डिड यू केम' हे तर इतकं ऐकू येतं की कानाला बरोबरच वाटायला लागलंय, पण तिथे 'व्हेन डिड यू कम' हवं. एवढं धरून ठेवा की एका क्रियेला भूतकाळाची खूण एकदाच लागते, डिड आला की व्ही टूचा रकाना बंद.

यात एक गंमत आहे ती पण सांगते. 'ग्लास कोणी फोडला' असं विचारायचं असेल तर 'हू ब्रोक द ग्लास', तिथे डिड लागतच नाही, कारण ज्याच्याबद्दल विचारतोय तोच वाक्याचा कर्ता आहे. डिड नाही म्हणून ब्रोक.

टू, कॅन, कुड, विल, वुड, शुड, मस्ट यांच्यामागेही फक्त व्ही वन. 'आय वॉन्टेड टू बॉट अ फोन' असं होतं बऱ्याच जणांचं, पण इथे मराठीच मदतीला येते. 'मला फोन घ्यायचा होता' यात भूतकाळ फक्त 'होता'मधे आहे ना, 'घ्यायचा' तसाच राहतो, तसंच 'वॉन्टेड टू बाय'.

आता व्ही थ्री. हा रकाना एकट्याने वाक्याचं मुख्य क्रियापद म्हणून उभा राहत नाही, त्याला हॅव, हॅज, हॅड नाहीतर इज, वॉज, बीन असं कोणीतरी सोबत लागतंच. म्हणून 'आय सीन इट' चूक, आय सॉ इट किंवा आय हॅव सीन इट. 'आय हॅव वेंट' चूक, हॅव गॉन. 'इट वॉज ब्रोक' चूक, वॉज ब्रोकन. कुठे हॅव लावायचा हे ओळखायला माझी एक युक्ती आहे, मराठी वाक्याच्या शेवटी तो 'य' ऐका. पाहिलं म्हणजे सॉ, पाहिलंय म्हणजे हॅव सीन, खाल्लं म्हणजे एट, खाल्लंय म्हणजे हॅव ईटन. युक्ती चांगली चालते पण दोन ठिकाणी फसवते. एक म्हणजे 'तो कालच गेलाय' असं आपण खुशाल म्हणतो, इंग्लिशमधे काल, परवा, मागच्या वर्षी असा ठराविक वेळ आला की हॅव चालत नाही, ही वेंट यस्टरडे असंच म्हणायचं. आणि दुसरं म्हणजे बसलाय, झोपलाय, हे आत्ता चालू आहे, म्हणून ही इज सिटिंग, ही इज स्लीपिंग.

पाठ करताना एबीसीडीच्या क्रमाने करू नका, कळकळीने सांगते. तो क्रम डिक्शनरीसाठी आहे, कानासाठी नाही. बी, हॅव, डू, से, मेक, गो, टेक, कम, सी, गेट, इंग्लिशमधे सगळ्यात जास्त वापरले जाणारे हे दहा व्हर्ब, आणि दहाच्या दहा इरेग्युलर, त्यामुळे सुरुवात इथून. आपल्याकडेही तसंच आहे की, करचं केलं, येचं आलं, जाचं गेलं, आणि घरातलं छोटं मूल 'मी करलं' म्हणतंच, इंग्लिश बोलणाऱ्या घरातली पोरंही 'कम्ड', 'ईटेड' म्हणत म्हणत शिकतात. जा आणि गेला हे संस्कृतच्या दोन वेगळ्या धातूंपासून आले, तसा वेंटसुद्धा मुळात गोचा नाहीच, तो वेंड नावाच्या दुसऱ्याच व्हर्बचा भूतकाळ होता. रोज वापरातले शब्द असे जुने रूप धरून बसतात. गूगल, टेक्स्ट, ईमेल असे नवे व्हर्ब येतात ते सगळे साधे एड लावून चालतात, त्यामुळे यादी आता फार वाढत नाही.

इरेग्युलर सगळे मिळून साधारण 200 धरतात, रोजच्या बोलण्यात माझ्या मते 60-70 आले तरी पुष्कळ. ते आवाजावरून गटात घ्या. सिंग सँग संग, रिंग रँग रंग, ड्रिंक ड्रँक ड्रंक, बिगिन बिगॅन बिगन, इथे इ-अ‍ॅ-अ अशी चाल लागते, एकदा तोंडात बसली की बसली. स्पीक स्पोक स्पोकन, ब्रेक ब्रोक ब्रोकन, चूझ चोझ चोझन, हा ओचा गट. कीप केप्ट, स्लीप स्लेप्ट, फील फेल्ट, इथे ई आखडते आणि शेवटी ट येतो. सेंड सेंट, स्पेंड स्पेंट, बिल्ड बिल्ट. नो न्यू नोन, ग्रो ग्रू ग्रोन, थ्रो थ्रू थ्रोन. आणि कट, पुट, हर्ट, शट हे बदलतच नाहीत, 'कटेड', 'पुटेड' असलं काही नसतं. मग भूतकाळ कळणार कसा? ही कट्स म्हणजे तो कापतो, ही कट म्हणजे त्याने कापलं, एस गेला की काळ बदलला. रीडचं स्पेलिंग तिन्हीकडे तेच पण उच्चार रीड, रेड, रेड.

थोडे जोडीने फसवणारे आहेत, त्यांच्यावर वेळ घाला. बॉट की ब्रॉट? बायमधे र नाही म्हणून बॉट, ब्रिंगमधे र आहे म्हणून ब्रॉट. फॉल फेल फॉलन म्हणजे पडणे, फील फेल्ट फेल्ट म्हणजे वाटणे, 'आय फेल्ट डाउन' म्हणणारा पडलेला नसतो, मनाने उदास असतो. फाइंडचं फाउंड म्हणजे सापडलं, पण फाउंड म्हणजे स्थापन करणे असाही वेगळा व्हर्ब आहे आणि त्याचं फाउंडेड होतं, म्हणून 1873 मधे महात्मा फुल्यांनी सत्यशोधक समाज फाउंडेड, नुसतं फाउंड लिहिलं तर त्यांना तो सापडला असा अर्थ होईल. आणि लाय ले लेन म्हणजे आडवं पडणे, ले लेड लेड म्हणजे ठेवणे, लाय लाइड लाइड म्हणजे खोटं बोलणे, हे तीन कागदावर लिहून भिंतीला लावा, दुसरा उपाय मला माहीत नाही. लर्न्ट की लर्न्ड, बर्न्ट की बर्न्ड असा वाद घालू नका, दोन्ही बरोबर, एक धरा आणि तेच लिहा.

आता रोज करायचं काय, तर पाच व्हर्ब घ्या आणि प्रत्येकाची मराठीतून चार वाक्यं करा: चहा प्यायले, चहा नाही प्यायले, चहा प्यायलास का, चहा प्यायलेय. मग मोठ्याने आय ड्रँक टी, आय डिडन्ट ड्रिंक टी, डिड यू ड्रिंक टी, आय हॅव ड्रंक टी. नुसतं ड्रिंक ड्रँक ड्रंक दहा वेळा म्हणण्यापेक्षा ही चार वाक्यं एकदा म्हटलेली बरी. मोबाइलवर रेकॉर्ड करून स्वतःच ऐका, डिडच्या पुढे व्ही टू आला की आपलं आपल्यालाच खटकतं. रात्री झोपताना दिवसभराचं पाच ओळीत लिहा, त्यात निदान दोन नकार आलेच पाहिजेत, कारण सरळ वाक्यात आपण चुकत नाही, नकारातच चुकतो.

त्या मुलीची वही तीन आठवडे मी रोज बघतेय. पहिल्या आठवड्यात जवळजवळ प्रत्येक नकाराखाली माझी लाल रेघ होती. परवा तिने लिहिलं होतं, 'माय ब्रदर डिडन्ट ईट हिज भेंडी सो आय एट इट', ईट आणि एट दोन्ही आपापल्या जागी, आणि मी काही न लिहिता नुसती टिक करून वही परत दिली.