समोरची टीम भारी, आपली पोरं नवीन: टुर्नामेंटला जायच्या आधी काय करायचं

ग्रुप पडले, लिस्ट व्हॉट्सअॅपवर आली आणि आपल्या ग्रुपमध्ये निघाली एक पुण्याची अकॅडमी, एक मुंबईचा क्लब आणि वरून कोल्हापूरची टीम, जिथे फुटबॉल गल्लीगल्लीत आहे. लगेच पालकांचे मेसेज सुरू, सर आपल्या पोरांचं काय होईल हो. खरं सांगायचं तर बऱ्याच मॅच हरू. पण 0-1 हरणं वेगळं आणि 0-8 हरणं वेगळं. 0-8 झाल्यावर निम्मी पोरं पुढच्या सोमवारी प्रॅक्टिसला येत नाहीत, बॅट घेऊन दुसऱ्या ग्राउंडवर दिसतात. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे नवीन टीम उभी करणाऱ्या कोच आणि पालकांसाठी हे लिहितोय, तेरा-चौदा वर्षांची अकरा अकराची टीम डोळ्यासमोर ठेवून.

आपलं टार्गेट एकच ठेवा. शेवटची दहा मिनिटं उरलेली असताना स्कोअर 0-0 किंवा 0-1 असला पाहिजे. बास. कारण तेव्हा समोरची भारी टीम वैतागायला लागते, त्यांचा कोच ओरडायला लागतो, त्यांचे बॅक, म्हणजे मागे गोल वाचवायला ठेवलेली पोरं, सुद्धा पुढे येतात आणि आपल्याला एखादा चान्स मिळतो. खाली जे काही सांगतोय ते सगळं या एका गोष्टीसाठी आहे.

आधी कागदपत्रं आणि नियम, हे लवकर उरकतो. ऑर्गनायझरला फोन करून विचारा, हाफ किती मिनिटांचा, सब म्हणजे बदली खेळाडू किती, बाहेर गेलेला पोरगा परत आत येऊ शकतो का, बॉल चार नंबर की पाच नंबर, वयाचा पुरावा कोणता चालतो. आणि पॉइंट सारखे झाले तर आधी गोल डिफरन्स (मारलेले गोल वजा खाल्लेले गोल) बघतात की आपसातली मॅच हे नक्की विचारा. गोल डिफरन्स असेल तर 0-3 ला पण मॅच संपलेली नसते, चौथा गोल न खाणं हे सुद्धा काम आहे, आणि हे पोरांना आधीच सांगून ठेवायचं.

आता मेन गोष्ट, उभं कसं राहायचं. नवीन टीमचा रोग सगळीकडे सारखाच, बॉल जिथे तिथे सगळे, गुळाला मुंगळे लागल्यासारखे. भारी टीमला हेच पाहिजे असतं, दोन पास इकडे दाखवतात, आपली सात पोरं तिकडे ओढली जातात आणि मग एक लांब पास दुसऱ्या बाजूला, तिथे त्यांचा विंगर एकटा. म्हणून चार मागे, पाच मधे, एक पुढे असं लावा आणि दोन आठवडे दुसरं काही शिकवलं नाही तरी चालेल, फक्त सरकणं शिकवा. बॉल डावीकडे गेला की अख्खी लाइन डावीकडे, उजवीकडे गेला की उजवीकडे, लांबच्या बाजूचा बॅक सुद्धा मधे यायला पाहिजे. बॅकची लाइन आणि मिडफिल्डची लाइन यात दहा-बारा मीटरपेक्षा जास्त जागा नको. प्रॅक्टिसला बॉल न घेता करा, तुम्ही समोर उभं राहून हाताने दिशा दाखवा आणि पोरांनी सरकायचं. बोअर होतं, पोरं कटकट करतात, सर बॉल द्या ना म्हणतात, तरी रोज पंधरा मिनिटं कराच.

इथे एक गोष्ट लोक उलटी करतात. समोरची टीम भारी म्हणून सगळ्यांना स्वतःच्या गोलसमोर नेऊन उभं करतात. मोठ्यांच्या फुटबॉलमध्ये ते चालून जातं, पोरांच्यात नाही चालत. फुल साइज गोल 7.32 मीटर रुंद आणि 2.44 मीटर उंच असतो, तेरा वर्षांच्या गोलीचा हात उडी मारून पण बारपर्यंत नीट पोचत नाही. म्हणजे वीस मीटरवरून जरा वर मारलेला बॉल सरळ आत. तुम्ही जितके मागे जाल तितके त्यांना असे शॉट फुकट मिळतील, वर आपलाच कोणीतरी मधे आल्याने गोलीला बॉल दिसत पण नाही. त्यामुळे बॅकची लाइन पेनल्टी बॉक्सच्या बाहेरच, बॉक्सची लाइन गोलपासून 16.5 मीटरवर असते, त्याच्या चार-पाच पावलं पुढे. मागे उरलेल्या जागेत लांब बॉल आला तर गोलीने पळत येऊन पायाने उडवायचा, हे त्याच्याकडून प्रॅक्टिसमध्येच करून घ्या, मॅचमध्ये पहिल्यांदा करायला सांगितलं तर तो घाबरून अर्ध्यात थांबणार.

दुसरं, झेप नाही घ्यायची. चांगला ड्रिबलर समोर आला की आपला पोरगा पाय घालतो आणि तो बाजूने निघून जातो, गोल खाण्याचं अर्धं कारण हेच. शिकवायचं असं: समोरच्यापासून हाताच्या अंतरावर थांब, अंग थोडं तिरकं, एक पाय पुढे एक मागे, गुडघे वाकलेले, नजर बॉलवर, त्याच्या खांद्यावर किंवा डोळ्यांवर नाही कारण तो तिथूनच फसवतो. मग त्याच्याबरोबर मागे मागे सरकत राहायचं आणि त्याला साइडलाइनकडे ढकलत न्यायचं. बॉल त्याच्या पायापासून जरा लांब सुटला की तेव्हा पाय घालायचा. तीन सेकंद जरी त्याला अडवून धरलं तरी मदतीला दुसरा पोचतो. आमच्याकडे ग्राउंडवर अहिराणीतच ओरडतात, मांगे ये, मांगे! आणि पोरांना ते इंग्लिश सूचनांपेक्षा लवकर समजतं. बाहेरच्या टीमला कळत नाही हा वेगळा फायदा.

बॉल मिळाल्यावर काय? आपल्या बॉक्ससमोर छोटे पास नको. टीव्हीवर मोठ्या टीम गोलीपासून पास खेळत येतात ते पोरं बघतात, 2019 पासून गोल किक बॉक्सच्या आतच आपल्या माणसाला देता येते म्हणून तर ते आणखी वाढलंय, पण ते करायला जे टच लागतात ते यायला दोन-तीन वर्षं जातात. सध्या गोल किक लांब, ती पण साइडला. मधे मारलेला बॉल त्यांच्या मिडफिल्डरने छातीवर घेतला की परत तीच धुलाई.

पुढे जो एकटा ठेवलाय तो टीममधला सगळ्यात फास्ट पोरगा असू द्या, बॉलवर कंट्रोल थोडा कमी असला तरी चालेल. त्याला सेंटर लाइनच्या आपल्या बाजूला उभं करा. ऑफसाइड म्हणजे पास निघताना बॉलच्या आणि समोरच्यांच्या शेवटून दुसऱ्या माणसाच्या पुढे उभं असणं, पण आपल्या हाफमध्ये असताना ते होतच नाही, हे निम्म्या पोरांना माहीत नसतं. पास निघाला त्या क्षणी तो आपल्या हाफमध्ये असला की झालं, मग तो किती पण पुढे पळू दे. भारी टीमचे साइडचे बॅक वर चढलेले असतात, त्यांच्या मागे कॉर्नर फ्लॅगच्या दिशेने बॉल मारा आणि याला पळू द्या. दहातून आठ वेळा काही होणार नाही. पण त्यांचे बॅक मागे थांबायला लागतील, तेवढंच आपल्याला पाहिजे.

आणि थ्रो-इन. आपल्या पोरांचे हात मजबूत असतात, शेतात काम केलेलं पोरगं असेल तर विचारूच नका, तर त्यातून एक लांब थ्रो टाकणारा शोधा. थ्रोवर डायरेक्ट ऑफसाइड नसतो, म्हणून आपला उंच पोरगा अगदी गोलसमोर उभा राहू शकतो. 2016 च्या युरो कपमध्ये आइसलँडने इंग्लंडला 2-1 ने हरवलं तेव्हा त्यांचा पहिला गोल असाच आला, लांब थ्रो, एकाने डोक्याने पुढे सरकवला, दुसऱ्याने आत टाकला. त्या अख्ख्या देशाची लोकसंख्या तेव्हा साडेतीन लाखाच्या आत होती, आपल्या जळगाव शहराचीच 2011 च्या जनगणनेत 4 लाख 60 हजार होती, विचार करा. फक्त दोन्ही पाय जमिनीला, दोन्ही हात आणि बॉल डोक्याच्या मागून वरून, नाहीतर फाउल थ्रो देऊन रेफरी बॉल त्यांना देतो. फ्री किक आणि कॉर्नरचं पण तसंच, एकच पॅटर्न ठरवा आणि तोच पक्का करा. चार पॅटर्न शिकवले तर मॅचमध्ये एक पण आठवत नाही.

गोलीसाठी दोन नियम तोंडपाठ करून घ्या. आपल्याच पोराने मुद्दाम पायाने दिलेला बॉल किंवा आपला थ्रो डायरेक्ट हातात घ्यायचा नाही, घेतला की बॉक्समध्ये इनडायरेक्ट फ्री किक (म्हणजे आधी दुसऱ्या कोणाला बॉल लागला तरच गोल धरतात ती), नवीन टीम हा गोल हमखास खातात. आणि 2025 पासून गोलीने बॉल हातात आठ सेकंदांपेक्षा जास्त धरला तर समोरच्याला कॉर्नर मिळतो, आधी सहा सेकंद आणि फ्री किक असं होतं पण रेफरी क्वचितच द्यायचे. तिथे रेफरी नवीन नियम लावो न लावो, गोलीला मनात पाचपर्यंत मोजायला शिकवा.

आता प्रवास आणि ग्राउंड, याकडे कोणी बघतच नाही. भुसावळहून रात्रीची गाडी पकडायची, पोरं रात्रभर गप्पा हाणतात, पहाटे उतरायचं आणि नऊला मॅच, असं करू नका. पैसे जास्त लागले तरी आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोचा. दुसरं म्हणजे आपली पोरं काळ्या मातीवर खेळतात, उन्हाळ्यात तिला भेगा आणि पावसाळ्यात बुटाला किलोभर चिखल. बॉल कुठेही उडतो म्हणून पोरांना तो तळव्याने दाबून थांबवायची सवय असते. तिकडे टर्फ असेल तर बॉल सुसाट घसरत येतो आणि तळव्याखालून निघून जातो. मॅचच्या आधी मिळेल तेवढा वेळ टर्फवर फक्त पायाच्या आतल्या बाजूने बॉल घेण्याची प्रॅक्टिस करा. बूट छोट्या रबरी स्टडचे बरे, आणि मामाने खास टुर्नामेंटसाठी घेतलेले कोरे बूट त्या दिवशी पहिल्यांदा घालू देऊ नका, हाफटाइमला टाचेला फोड आलेला असतो.

ऊन आपल्या पोरांना नवीन नाही, पण मुंबईची दमट हवा नवीन आहे, घाम सुकतच नाही. पाणी तहान लागायच्या आधीपासून थोडं थोडं. ओआरएसचं पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा, पोहे खायचा नाही. आदल्या रात्री शेवभाजी बंद, कितीही हट्ट केला तरी. साधी खिचडी नाहीतर पोळी-भाजी, आणि मॅचच्या तास-दीड तास आधी केळं. रावेर-यावलवाल्यांना केळं खा म्हणून सांगावं लागतं ही गंमतच आहे, घरात घड लटकलेले असतात आणि पोरं वेफर खातात.

मॅच चालू झाल्यावर कोचने कमी बोलायचं. पहिली दहा मिनिटं सगळ्यात धोक्याची, पोरं समोरच्यांचे मॅचिंग किट आणि बॅगा बघूनच अर्धी हरलेली असतात, तेव्हा त्या दहा मिनिटात बॉल बाहेर गेला तरी चालेल पण मधे द्यायचा नाही एवढंच सांगा. गोल खाल्ला की लगेच दुसरा खातात, कारण सगळे एकमेकांना शिव्या देत असतात. त्यासाठी कॅप्टनला एक काम द्या: बॉल स्वतः उचलून सेंटरला आणायचा, चालत, पळत नाही, आणि येताना प्रत्येकाला जागेवर पाठवायचं. किक ऑफ मागे द्या, मागून लांब त्यांच्या कॉर्नरला मारा आणि सगळे एकदम दहा पावलं वर चढा. तोवर डोकं ताळ्यावर येतं.

पालकांना साइडलाइनला एकत्र उभं करा आणि एकच अट घाला, टाळ्या वाजवा, सूचना देऊ नका. एक बाप म्हणतो शूट मार, दुसरा म्हणतो पास दे, आणि पोरगा दोघांकडे बघतो, बॉल गेलेला असतो. बेंचवरच्या प्रत्येकाला खेळवा, आणि ते फक्त 0-5 झाल्यावर नाही. स्कोअर बरा असताना पण एकेकाला दहा मिनिटं द्या, नाहीतर त्याला बरोबर समजतं आपण कशासाठी आणलोय.

आणि निघायच्या आधी एक काम विसरू नका. ज्या टीमने जास्त धुतलं तिच्या कोचला गाठा, मोबाइल नंबर घ्या आणि विचारा, आमचे बॅक तुम्ही कुठे फोडले? बहुतेक जण मोकळेपणाने सांगतात, जिंकलेला माणूस बोलायला तयारच असतो. मग जानेवारीत त्यांना इकडे फ्रेंडलीला बोलवा. तेव्हा आपल्याकडे हवा मस्त असते, आणि हिरव्या वांग्याचं भरीत आणि कळण्याच्या भाकरीची पार्टी देतो म्हटलं की पुण्याच्या टीम पण येतात हो.